घरी काय द्यायचे, वर्गात काय ठेवायचे

नवजात बाळाचा श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट द्यावे लागते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच भरभर, मध्येच संथ. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तितकेच आले तर ती धोक्याची खूण. एवढी माहिती चार मिनिटांच्या व्हिडिओत सहज बसते, आणि गावोगावच्या आशाताईंना ती तोंडपाठही असते. अडते ते पुढे. बाळंतिणीची खोली अंधारी, कोपऱ्यात शेगडीचा धूर, बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेले, टोपडे भुवयांपर्यंत ओढलेले. श्वास मोजायचा तर बाळाचे पोट दिसायला हवे, आणि आजी म्हणते, "उघडू नको गं बाई, गारठेल लेकरू." बाळ रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तर आकडा खोटा येतो. पहिल्यांदा ६४ आले आणि दुसऱ्यांदा ५६, तर नियमाने हा जलद श्वास नव्हे. पण बाळ कालपासून नीट पीत नाही असे आई सांगते आहे. आता काय करायचे? आजीला कसे पटवायचे, आणि गाडीला फोन केव्हा करायचा?

प्रौढांच्या प्रशिक्षणात वर्ग कशासाठी हवा, याचे उत्तर माझ्या मते या प्रश्नांत आहे. माहिती घरी, सराव आणि चर्चा वर्गात, अशी जी पद्धत ‘फ्लिप्ड क्लासरूम’ किंवा उलटा वर्ग म्हणून ओळखली जाते, तिचा मी पुरस्कर्ता आहे. पण आपल्याकडे सरकारी खाती, कंपन्या, बँका आणि संस्था ती ज्या रीतीने आणत आहेत, त्या रीतीला माझा विरोध आहे. व्याख्यान कामाच्या वेळेतून काढून माणसाच्या घरच्या वेळेत ढकलायचे, आणि मोकळ्या झालेल्या वर्गात पुन्हा व्याख्यानच द्यायचे किंवा वर्गच रद्द करायचा, याने काहीही उलटे होत नाही. खर्च तेवढा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, आणि तो दुसरा खिसा शिकणाऱ्याचा असतो.

ही पद्धत आली कुठून, हे पाहिले तर घोटाळा कुठे झाला ते कळते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांना दिसले, की सूत्रे वापरून अवघड गणिते सोडवणारे त्यांचे विद्यार्थी न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या प्रश्नाला मात्र चुकतात. १९९१ पासून त्यांनी वर्गाची रीत बदलली. वाचन आधी करून यायचे. वर्गात एक नेमका प्रश्न. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे, आणि मग पुन्हा उत्तर द्यायचे. यात व्हिडिओचा पत्ता नव्हता. घरी जायचे ते छापील कागद होते. सारी कल्पकता त्या प्रश्नात आणि शेजाऱ्याशी होणाऱ्या वादात होती. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात वुडलँड पार्क इथल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आपले पाठ चित्रित करून ठेवायला सुरुवात केली. खेळांच्या सामन्यांसाठी दूरवर जाणाऱ्या मुलांचे तास बुडत, ते भरून निघावेत हा मूळ हेतू. मग त्यांच्या ध्यानात आले, की मुलांना शिक्षकाची खरी गरज पाठ ऐकताना नसते, गृहपाठात अडल्यावर असते. म्हणून पाठ घरी गेला आणि गृहपाठ वर्गात आला. व्हिडिओ लोकांच्या नजरेत भरला आणि पद्धतीचे नावच त्याच्याशी जोडले गेले. वर्गात काय बदलले, हा मुख्य मुद्दा मागे पडला.

शाळकरी मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गृहीत असते. त्याची संध्याकाळ अभ्यासाची आहे, असे घराने आणि समाजाने आधीच मान्य केलेले असते. त्याचे जेवण दुसरे कोणी करते. गृहपाठाऐवजी व्हिडिओ दिला तर त्याच्यावर नवा बोजा पडत नाही. प्रौढ माणसाच्या संध्याकाळवर मात्र आधीच चारजणांचा हक्क असतो. ज्या क्षणी आपण शाळेतली पद्धत उचलून अंगणवाडी सेविकेच्या, एसटीच्या वाहकाच्या किंवा बँकेतल्या कारकुनाच्या प्रशिक्षणाला लावतो, त्या क्षणी ही वेळ कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. प्रशिक्षणाचे आराखडे करणारे तो सहसा विचारत नाहीत.

महाराष्ट्राला हा प्रश्न समजायला अवघड जाऊ नये. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. एकट्याने वाचता येतील अशी पुस्तके घरी, आणि अडलेले विचारायला अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र, ही त्याची घडण. नोकरी करणाऱ्या, शाळा सुटलेल्या, संसारात अडकलेल्या कितीतरी लोकांनी या वाटेने पदवी मिळवली. रात्री दिव्याखाली पुस्तक उघडणाऱ्या त्या बाईने तो वेळ स्वतःहून काढलेला असतो. पदवी तिची, फायदा तिचा, केव्हा थांबायचे तेही तिच्याच हाती. वरून आदेशाने आलेल्या प्रशिक्षणाची गोष्ट वेगळी. तिथे शिकण्याचा पहिला लाभ संस्थेला होतो. काम संस्थेचे, कौशल्य संस्थेच्या कामाचे, मग ते कमावण्याचा वेळ शिकणाऱ्याच्या पदरचा का? पैशाची पदरमोड निदान हिशेबात दिसते. वेळेची पदरमोड कुठल्याच वहीत चढत नाही.

आशाताईंचेच उदाहरण पुढे नेतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही व्यवस्था उभी राहिली. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका आहे. तिला वेतनश्रेणी नाही; कामागणिक मोबदला आणि काही ठरावीक रक्कम मिळते. प्रशिक्षणाला ती तालुक्याला गेली तर त्या दिवसांचा भत्ता मिळतो. आता त्या प्रशिक्षणाचा अर्धा भाग मोबाइलवर गेला, तर तेवढ्या दिवसांचा भत्ता बुडतो, डेटा तिचा खर्ची पडतो आणि वेळ तिच्या स्वयंपाकातून, झोपेतून किंवा शेतातल्या रोजंदारीतून निघतो. कागदावर मात्र प्रशिक्षणाचा खर्च वाचलेला दिसतो. शिवाय साधनांचा प्रश्न आहेच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, ते विसरता कामा नये. फोनची क्षमता कमी, तो सारखा अडकायचा, आणि नोंदी करायचे अ‍ॅप इंग्रजीत. तंत्रज्ञान नको असे त्या म्हणत नव्हत्या. काम करता येईल असे साधन आणि वाचता येईल अशी भाषा द्या, एवढीच मागणी होती. ज्यांच्या हातात असा फोन आहे त्यांना ‘लिंक पाठवली आहे, पाहून या’ असे सांगणे सोपे असते.

आणि पाहून येणे म्हणजे काय, तेही जवळून बघावे. रात्रीचे साडेनऊ. भांडी घासून झाली, मुलाचा अभ्यास घेऊन झाला. फोन बऱ्याचदा घरात एकच चांगला, आणि तो मोठ्या मुलाच्या हातात. तो मिळाला की पाऊण तासाचा व्हिडिओ लावून फोन भिंतीला टेकवायचा आणि समोर बसून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायची. शेवटी पाच प्रश्नांची चाचणी. कोणीतरी उत्तरे ग्रुपवर टाकलेलीच असतात. प्रमाणपत्र उतरवून घेतले की वरच्या कार्यालयाच्या तक्त्यात एक नाव हिरवे होते. या बाईला मी आळशी म्हणणार नाही, खोटारडी तर नाहीच. दिवसभराच्या कामानंतर जेवढे देता येईल तेवढे तिने दिले आहे. चुकीचे आहे ते अशा वेळी, अशा रीतीने शिक्षण होते असे मानणे.

मग घरी काहीच द्यायचे नाही का? द्यायचे. पण काय द्यायचे, याचा विचार मुळापासून करावा लागेल. माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात प्रौढशिक्षणाविषयी जे मांडले त्याचा गाभा असा, की प्रौढ माणूस रिकामा येत नाही. अनुभव घेऊन येतो, आणि तो अनुभव हेच त्याच्या शिक्षणाचे सर्वांत मोठे भांडवल असते. हे प्रशिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असते आणि प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलेही जाते. पण ते खरे मानले, तर प्रौढासाठी ‘घरचा अभ्यास’ म्हणजे आपल्याच कामाकडे ठरवून, नोंद घेत पाहणे, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. व्याख्यानाची चित्रफीत त्या जागी बसत नाही.

या अर्थाने जगातला सर्वांत यशस्वी उलटा वर्ग भाताच्या बांधावर भरला, असे मला वाटते. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भाताची पिके उद्ध्वस्त केली होती. कीटकनाशके जितकी जास्त फवारावीत तितकी कीड वाढत होती, कारण फवारणीत कोळी आणि तुडतुडे खाणारे मित्रकीटक आधी मरत. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी, सबंध हंगाम, आठवड्यातून एकदा शेतात. आधी गटागटाने पिकात उतरायचे, चूड मोजायचे, कीड आणि मित्रकीटक वेगवेगळे मोजायचे, दिसले ते मोठ्या कागदावर चित्र काढून मांडायचे, आणि मग या आठवड्यात फवारणी करायची की नाही यावर वाद घालायचा. कोळी खरेच तुडतुडे खातो का, याची शंका असेल तर दोघांना जाळीखाली एकत्र ठेवायचे आणि पुढच्या आठवड्यापर्यंत लक्ष ठेवायचे. त्यांचा गृहपाठ हा. एकही शेतकरी तयारी न करता येत नसे, कारण तयारी म्हणजे त्याचे शेत. महाराष्ट्रातही शेतीशाळा झाल्या. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने त्यांना मोठी जागा दिली. शेतीशाळा जिथे खरोखर शिवारात भरते आणि शेतकरी स्वतः मोजतो, तिथे ती शाळा असते. मांडवात खुर्च्या टाकून माईकवरून मार्गदर्शन झाले, की तिचे नाव तेवढे शेतीशाळा उरते.

आरोग्यातही हीच रीत आपल्याकडे सिद्ध झाली आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या कामाचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बालमृत्यूंचा दर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. त्या स्त्रिया टप्प्याटप्प्याने शिकल्या: शिकायचे, गावात करायचे, नोंद ठेवायची, ती नोंद तपासली जायची. पुढे आशांसाठी नवजात बालकांच्या घरभेटींचे राष्ट्रीय प्रशिक्षण आखले गेले, तेव्हा सहावे आणि सातवे प्रशिक्षण-पुस्तक मिळून २० दिवस, आणि तेही पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत ठेवले गेले. दोन फेऱ्यांमधली ती मोकळी जागा मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्या काळात ताई प्रत्यक्ष घरभेटी करते, आणि पुढच्या फेरीला येते ती प्रश्न घेऊन येते. व्यवहारात मात्र नेमकी ही मधली जागा वाया जाते. दुसऱ्या फेरीचा पहिला तास ‘मागच्या वेळी काय शिकलो’ याच्या उजळणीत जातो. ‘मधल्या काळात काय घडले’ हे कोणी विचारत नाही.

तो एक प्रश्न विचारला की वर्ग बदलतो. प्रत्येकीने मधल्या काळातली अडलेली एक घरभेट सांगायची. सगळ्याच सांगण्याजोग्या नसतात, चार निवडायच्या. मग माझुर यांच्या वर्गात होई तसेच: ६४ आणि ५६ वाल्या बाळाचे काय करायचे, ते प्रत्येकीने आधी स्वतः ठरवायचे, मग शेजारणीशी वाद घालायचा. एक म्हणेल, आकडा ठीक आहे, संध्याकाळी पुन्हा जाईन. दुसरी म्हणेल, पीत नाही म्हणते ना आई, मग आकडा बाजूला ठेव आणि गाडी बोलव. दुसरीचे बरोबर आहे, कारण दूध न पिणे हीच स्वतंत्र धोक्याची खूण आहे. पण डॉक्टरांच्या तोंडून आलेले हे वाक्य आणि शेजारणीशी भांडून कळलेले हे वाक्य, यांत फार अंतर असते. दुसऱ्या रीतीने कळलेले रात्री अकरा वाजता, एकटीने निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा कामी येते.

व्हिडिओला मी वाईट म्हणत नाही. बाळाला स्तनाशी नीट कसे धरायचे, कांगारू पद्धतीने छातीशी कसे बांधायचे, हे शंभर वाक्यांपेक्षा दोन मिनिटांच्या चित्रणातून जास्त समजते. राज्यातून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका अशा उतरंडीने येणारी माहिती वाटेत गळते आणि बदलते. व्हिडिओ गळत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तो एकट्याने, घरी, रात्रीच पाहायचा असा काही नियम नाही. बंगळूरला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात २००६ साली सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ने नेमके उलटे केले. आसपासच्याच शेतकऱ्यांचे छोटे व्हिडिओ गावात, गटाने, एकत्र बसून दाखवायचे, आणि मध्ये एक स्थानिक व्यक्ती असणार जी व्हिडिओ थांबवेल, विचारेल, मागे नेईल. हे थांबवणेच महत्त्वाचे. आपल्याच जिल्ह्यातली बाई, आपल्याच बोलीत बोलणारी, आपल्यासारख्याच खोलीत काम करताना दिसली, की पाहणारी म्हणते, "तिच्या सासूने उघडू दिलं, माझी नाही देत." शिक्षण इथून सुरू होते. एकटीने पाहताना हे वाक्य बोलायला समोर कोणी नसते.

तयारी न करता आलेल्यांचे काय, हा या पद्धतीतला सर्वांत जुना प्रश्न. बहुतेक प्रशिक्षक दयाळूपणे सगळे पुन्हा सांगतात, आणि तिथेच पद्धत संपते. ज्यांनी तयारी केली त्यांना कळते की केली नसती तरी चालले असते. पुढच्या वेळी त्याही करत नाहीत. दुसऱ्या टोकाला काही ठिकाणी तयारी न केलेल्यांना अपमानाने बाजूला बसवतात. पन्नाशीच्या बाईला सगळ्यांदेखत उभे करणे हा गुन्हा आहे, आणि ती पुन्हा तोंड उघडणार नाही. साधा मार्ग असा, की वर्गातच पहिली वीस मिनिटे पाहण्या-वाचण्यासाठी ठेवायची. ज्यांनी पाहिले आहे त्या अडलेल्या प्रसंगांवर काम सुरू करतात, बाकीच्या दोघी-दोघी मिळून एका फोनवर पाहतात आणि मग येऊन मिळतात. वेळ वर्गातला, म्हणजे पगाराचा किंवा भत्त्याचा. वीस मिनिटांत मावत नसेल, तर तो व्हिडिओ फार लांब आहे.

खरी अडचण प्रशिक्षकांची आहे, आणि ती उघड बोलायला हवी. तयार पीपीटी वाचून दाखवायला विषय येणे पुरेसे असते. अडलेले प्रसंग हाताळायला ते काम केलेले असावे लागते. कोणता प्रश्न येईल ते आधी माहीत नसते, उत्तर लगेच सापडेलच असे नाही, आणि ‘मला विचारून सांगावे लागेल’ असे भर वर्गात म्हणण्याची तयारी लागते. आपल्या व्यवस्थेत हे अवघड, कारण प्रशिक्षक बहुधा अधिकारीही असतो. ज्यांच्या सहीने मोबदला निघतो त्यांच्यासमोर ‘मी त्या घरात गेलेच नाही, कारण तिथे दारू पिऊन माणूस बसलेला असतो’ असे कोण सांगेल? ती नोंदवहीत भेट लिहील आणि वर्गात गप्प बसेल. म्हणून मला वाटते, अशा वर्गात वरिष्ठांनी उद्घाटनाला यावे आणि मग खोलीबाहेर जावे. वर्ग चालवायला स्वतः घरभेटी केलेल्या अनुभवी ताई आणि आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक असाव्यात, आणि वैद्यकीय शंका लिहून ठेवून त्यासाठी डॉक्टरांना शेवटच्या तासाला बोलवावे. यात डॉक्टरांचा मान कमी होत नाही. त्यांचा तास ज्यांची उत्तरे त्यांनाच देता येतात अशा प्रश्नांना मिळतो.

यावर आक्षेप येईल तो पैशाचा. तयारीचा वेळ भरपगारी, वर्ग लहान, प्रशिक्षक अनुभवी, हे सगळे महाग आहे. आज आपण ज्यावर खर्च करतो त्याचाही हिशेब मग मांडावा. दिवसभराच्या प्रशिक्षणातले कितीतरी तास स्वागत, प्रास्ताविक, सत्कार आणि ऐकलेलेच पुन्हा ऐकण्यात जातात. ते काढले तर तयारीची वीस मिनिटे, प्रसंगांवरची चर्चा आणि बाहुलीवरचा सराव हे सगळे त्याच दिवसात बसते. दूरच्या पाड्यावरच्या ताईला दर वेळी तालुक्याला आणणे कठीण, हेही मान्य. तिच्यासाठी अधूनमधून फोनवरची चर्चा चालेल, पण ती दिवसा, ठरलेल्या वेळी आणि भत्त्यासह. कंपन्यांची सबब तर मला मुळीच पटत नाही. तिथे प्रत्येक तासाची किंमत लावलेली असते. मग कर्मचाऱ्याच्या रविवारीच किंमत शून्य कशी होते?

सुरुवात करायला नव्या योजनेची वाटही पाहायला नको. प्राथमिक आरोग्य केंद्रावर आशांची मासिक बैठक होते. अहवाल गोळा करणे, उद्दिष्टे सांगणे, राहिलेल्या नोंदींबद्दल विचारणे यात ती संपते. अहवालांना हात लावण्याआधीचा पहिला तास अडलेल्या घरभेटींना द्यावा. महिनाभर आधी एकच काम सांगावे: एक भेट नीट आठवून, चार ओळींत लिहून आणा. प्रशिक्षणाच्या आदेशात तारीख, ठिकाण आणि उपस्थितीची ताकीद असते, तशीच पूर्वतयारीचे तास आणि त्यांचा भत्ता किती, ही ओळही असावी. आणि ती ओळ नसेल, तर संघटनांनी ती मागावी, मोबदल्याची वाढ जितक्या जोराने मागतात तितक्याच जोराने.